समज देण्यात आली

नीलाची तक्रार नागसेनकडे आली, ती तिच्या मनाविरुद्ध.

तिने ती वेलिंग्टनला पाठवली होती. पोलिसांच्या गैरवर्तनाच्या तक्रारी ऐकायला राजधानीत एक स्वतंत्र संस्था आहे. तिथली माणसं पोलिसांच्या वरिष्ठांना बांधील नसतात. नीलाने हे सगळं नीट वाचून घेतलं होतं आणि तक्रारीच्या शेवटी स्वच्छ लिहिलं होतं, की चौकशी आमच्या गावच्या पोलिसांकडे देऊ नये, तिथे सगळे एकमेकांचे आहेत. पण त्या संस्थेकडे माणसं मोजकी आणि कामं डोंगराएवढी. कुणाचा जीव गेला, कुणाचं हाड मोडलं तर ते स्वतः उतरतात. बाकीचं बहुतेक ज्या त्या जिल्ह्याच्या पोलिसांकडे परत जातं. चौकशी तुम्ही करा, आम्ही लक्ष ठेवू, असा शेरा मारून. आणि नीलाचं तेव्हा काही मोडलेलं नव्हतं.

म्हणून तिची तक्रार फिरून तिथेच आली, जिथून ती मुलीला घेऊन पळाली होती. टौरंगाच्या पुढे, किवीफळांच्या बागांमधल्या त्या लहानशा गावात.

इन्स्पेक्टर शेरिलने नागसेनला केबिनमध्ये बोलावलं. नागसेन वासनिक मूळचा नागपूरचा. या देशात आला तेव्हा सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होता. बायको गौतमी टौरंगाच्या हॉस्पिटलात नर्स. स्क्रीनसमोर बसून बसून जीव विटला तसा तो पोलिसात भरती झाला, आणि आता सार्जंट होता. गावातली पोरं त्याला लांबून "किया ओरा, सार्ज!" म्हणून हाक मारायची. त्याला ते आवडायचं.

"तुमच्या भाषेतली बाई आहे," शेरिल म्हणाली. "तक्रार ब्रेटविरुद्ध आहे. तिचा हट्ट आहे की वेलिंग्टननेच बघावं. तू जाऊन बोल तिच्याशी. वेलिंग्टन वर्षभर घोळ घालतं, नागसेन. आपण आपली माणसं ओळखतो. चूक असेल तर आपणच कान धरू ना."

नागसेनला ते पटलं. त्याहून खरं म्हणजे त्याला बरं वाटलं. अख्ख्या ठाण्यात हे काम फक्त त्यालाच जमण्यासारखं होतं.

प्रकरण असं होतं. नीलाचा नवरा प्रसाद पुण्याचा इंजिनिअर, इथल्या फळांच्या पॅकहाऊसच्या कोल्डस्टोअरवर साहेब. माणूस बाहेर गोड, गावच्या क्रिकेट क्लबचा पहिला बोलर. घरात मात्र त्याचा हात चालायचा. एकदा नीलाने पोलिसांना फोन केला, कोर्टाकडून संरक्षणाचा आदेश घेतला आणि सहा-सात वर्षांच्या कौमुदीला घेऊन ऑकलंडच्या दक्षिणेला टाकानिनीत नव्या वसाहतीत राहायला गेली. तिचा पत्ता फक्त कोर्टाला आणि पोलिसांना ठाऊक होता. आणि एका सकाळी तिच्या फोनवर, अनोळखी नंबरवरून मराठीत ओळ आली: टाकानिनीत दमट फार असतं म्हणे, कौमुदीला जपत जा.

कॉन्स्टेबल ब्रेट त्याच क्रिकेट क्लबचा कॅप्टन होता.

नागसेन साध्या कपड्यांत टाकानिनीला गेला. एकसारखी करडी घरं, फुटभर उंचीची नवी झाडं, प्रत्येक दारात दोन-दोन गाड्या. नीलाने दार उघडण्याआधी खिडकीचा पडदा सरकवून त्याला बराच वेळ न्याहाळलं. तो काचेबाहेरूनच म्हणाला, "नीलाताई, मी नागसेन वासनिक. नागपूरचा. घाबरू नका."

'नागपूरचा' म्हटल्यावर साखळी निघाली.

ती नाशिकची होती. चहा करताना तिचे हात स्थिर होते, पण रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला की बोलता बोलता गप्प व्हायची. कौमुदी सोफ्याच्या हातावर बसून नागसेनकडे टक लावून बघत होती.

"आर यू अ रिअल पोलीसमन?"

"खराखुरा," नागसेन म्हणाला.

"देन व्हेअर्स युअर कार?"

"कौमुदी, आत जाऊन टीव्ही बघ," नीला म्हणाली. मग त्याच्यासमोर बसली. "सर, राग मानू नका. तुमच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ज्यांच्यातल्या माणसाने पत्ता फोडला, त्यांनीच त्याची चौकशी करायची? उद्या तुम्ही एकाच कँटीनमध्ये जेवणार. मला वेलिंग्टनचाच माणूस हवाय."

"ताई, वेलिंग्टनला वर्ष लागेल. कदाचित जास्तच. तोवर तुम्ही अशाच पडद्याआडून बघत राहणार का?" नागसेन पुढे झुकला. "तिथे तुमच्या कागदावर एक नंबर असेल. इथे मी आहे. तुम्ही काय म्हणताय ते मला शब्दन् शब्द कळतं. प्रसादच्या त्या ओळीत काय धमकी आहे, ते तिथल्या गोऱ्या साहेबाला भाषांतर करून कळेल का? 'जपत जा' म्हणजे त्याला काळजी वाटेल. मला त्यातली धमकी कळते. माझ्यावर सोडा."

नीला खाली बघत राहिली. कपातल्या चहावर साय धरली. इतक्या महिन्यांत तिच्याशी अधिकाराच्या खुर्चीतून मराठीत बोललेला तो पहिला माणूस होता.

"बरं, दादा," ती शेवटी म्हणाली. "तुमच्यावर सोडते."

परत येताना नागसेन गाडीत गाणी ऐकत आला. आपण चांगलं काम करतोय असं त्याला वाटत होतं, आणि तोवर ते खोटंही नव्हतं.

चौकशीला त्याने वेळ लावला नाही. कुणी कुणाची माहिती कधी उघडली, हे कॉम्प्युटर सांगतो. ब्रेटने नीलाची माहिती उघडली होती. त्या दिवशी तिच्याशी संबंधित कुठलंही काम त्याच्याकडे नव्हतं. नागसेनने त्याला समोर बसवलं, रेकॉर्डर चालू केला आणि विचारलं.

"प्रसादला कोर्टाचे कागद द्यायला जायचं होतं पुढे कधीतरी," ब्रेट म्हणाला. "म्हटलं, काय प्रकरण आहे ते बघून ठेवावं. चुकलंच माझं. आधी विचारायला हवं होतं."

"पत्ता कुणाला सांगितलास का?"

"नाही."

उत्तर सरळ होतं. रेकॉर्डर बंद झाला. दोघं ठाण्यामागच्या गाड्यांच्या आवारात आले. ऊन चांगलं पडलं होतं, समोरच्या बागांवर वाऱ्याला अडवणारी उंच झाडांची भिंत सळसळत होती. ब्रेटने गाडीच्या बॉनेटला पाठ टेकली.

"मेट, तुला म्हणून सांगतो," तो म्हणाला. "प्रसाद क्लबात माझ्यासमोर रडला रे. पोरगी कुठंय, जिवंत आहे का, तेही माहीत नाही म्हणाला. मी फक्त म्हटलं, टाकानिनीकडे कुठेतरी आहेत, बऱ्या आहेत. गल्ली नाही, घर नंबर नाही. बापाला एवढं तरी कळायला नको?"

नागसेनने ऐकलं. त्याच्या हातात रेकॉर्डर होता. अंगठ्याखाली बटण होतं.

ब्रेटच्या डाव्या भुवईवर एक व्रण होता. नागसेन पोलिसात नवीन असताना नववर्षाच्या गर्दीत समुद्रकिनाऱ्यावर दारू प्यालेल्या पोरांनी त्याला घेरलं होतं. कुणीतरी त्याच्या रंगावरून काहीबाही ओरडत बाटली भिरकावली. मध्ये ब्रेट आला आणि बाटली त्याला लागली. रक्ताने डोळा भरलेला असताना तो नागसेनला म्हणाला होता, "यू राइट, मेट?" त्यानंतर कितीतरी रविवार दोन्ही घरं एकत्र जेवली होती. ब्रेटच्या बायकोने नागसेनच्या मुलाला पोहायला शिकवलं होतं.

"हे तू आत सांगायला हवं होतंस," नागसेन म्हणाला.

"आत सांगितलं असतं तर नोकरी गेली असती, नाग. आणि कशासाठी? अख्ख्या उपनगराचं नाव घेतलं म्हणून?"

नागसेनने रेकॉर्डर खिशात टाकला. मग आत गेला.

अहवाल लिहायला बसला तेव्हा त्याने मनाशी बरीच हुज्जत घातली. पत्ता म्हणजे गल्ली आणि घर. ते दिलेलं नाही, मग पत्ता फोडला असं कसं म्हणायचं? आवारात बोललेलं काही जबाबात मोडत नाही. आणि ब्रेट पुन्हा असं करणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याने लिहिलं, की सबळ कारणाशिवाय माहिती पाहिली गेली. ती बाहेर दिल्याचा पुरावा आढळला नाही. कॉन्स्टेबलला समज देण्यात यावी.

शेरिलने वाचून मान डोलावली. "स्वच्छ काम," ती म्हणाली. वेलिंग्टनहून उत्तर आलं, की जिल्ह्याच्या निष्कर्षाशी आम्ही सहमत आहोत. ब्रेटला केबिनमध्ये बोलावून समज देण्यात आली आणि दुपारी तो सगळ्यांसाठी बेकरीतून गरम पॅटिस घेऊन आला.

नागसेनने नीलाला फोन केला. पुरावा मिळाला नाही, असं सांगितलं.

"मग त्याला टाकानिनी कसं कळलं, दादा?"

"कुणा ओळखीच्याकडून कळलं असेल. आपली माणसं थोडी आहेत का तिकडे?"

"म्हणजे मला इथून हलायला नको?"

हा प्रश्न महत्त्वाचा होता. पत्ता फुटल्याचं सिद्ध झालं असतं, तर महिलांना आसरा देणाऱ्या संस्थेने तिला त्याच आठवड्यात दुसरीकडे नेलं असतं. नाही म्हटल्यावर तिचं नाव साध्या रांगेत राहणार होतं. नागसेनला ते ठाऊक होतं. फोन कानाला धरून तो खिडकीबाहेर बघत राहिला.

"तसं काही दिसत नाही, ताई," तो म्हणाला.

हिवाळा संपता संपता ते घडलं. प्रसादने सुट्टी टाकली आणि टाकानिनीत जाऊन एकेका प्राथमिक शाळेच्या फाटकासमोर, शाळा सुटायच्या वेळी, गाडी लावून बसला. नव्या उपनगरात शाळा अशा किती असणार? त्याला कौमुदीची जांभळी बॅग दिसली. मायलेकींच्या मागून तो चालत गेला, आणि नीलाने कुलूप उघडताच तिच्यापाठोपाठ आत शिरला.

तिचं मनगट मोडलं. जबडा मोडला. शेजारची टोंगा बेटांकडची बाई कपडे वाळत घालत होती. ती ओरडत, हातातली बादली घेऊन आत घुसली म्हणून पुढचं टळलं. कौमुदी सोफ्यामागे होती. तिने सगळं बघितलं.

ऑकलंडच्या पोलिसाने फोनवर हे सांगितलं तेव्हा नागसेन सँडविच खात होता. "माणूस ताब्यात आहे," तो म्हणाला. "विचारलं, कसं शोधलंस? म्हणतो, उपनगर माहीत होतं, बाकी सोपं होतं."

उपनगर माहीत होतं. नागसेनने अर्धं सँडविच कागदात गुंडाळून ठेवलं, पुन्हा उघडलं, पुन्हा गुंडाळलं.

शेरिलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझा अहवाल पक्का आहे. वेलिंग्टननेही मान्य केलाय. हे आपल्यावर येत नाही."

ती हे त्याला धीर द्यायला म्हणाली होती. पण आपल्यावर येत नाही, हे ऐकून तो खुर्ची मागे सारून उठला. कारण ते आपल्यावर येऊ नये याची तजवीज त्याने स्वतःच करून ठेवली होती.

घरी गेला तेव्हा गौतमी ड्युटीवरून येऊन भाजी चिरत होती. त्याने तिला सगळं सांगितलं. नीलाचं सांगितलं, मग आवारात ब्रेट काय म्हणाला तेही. सांगताना त्याला वाटत होतं, की ती म्हणेल, तुला काय माहीत असं होईल म्हणून. गौतमीने सुरी खाली ठेवली.

"तू तिला ताई म्हणालास?"

"हो."

"आणि ती तुला दादा."

नागसेनने मान हलवली.

"आमच्या वॉर्डात अशा बायका येतात, नागसेन. आम्ही विचारतो, घरी सुरक्षित आहात का? त्या आधी आमच्या तोंडाकडे बघतात, मग ठरवतात खरं सांगायचं की नाही. तिने तुझ्या तोंडाकडे बघून ठरवलं." ती सिंककडे वळली. "आता मला विचारू नकोस काय करू म्हणून. तुला माहितीय."

त्याला माहीत होतं. तरी लगेच काही केलं नाही. सकाळी ब्रेट त्याच्या टेबलापाशी आला. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. "मी झोपलो नाही," तो म्हणाला. खोटं बोलत नव्हता. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आपलं ते बोलणं... ते आपल्यातच ना?"

"तुला नीला कशी आहे ते विचारावंसं वाटलं नाही?" नागसेन म्हणाला.

ब्रेटचे डोळे भरून आले. "कशी आहे?"

"जबडा तारेने बांधलाय. नळीने सूप पिते."

ब्रेट तिथेच खुर्चीत बसला. नागसेनला त्याची कीव आली, आणि त्या किवेचीच जास्त भीती वाटली. तेव्हाही आवारात हीच कीव त्याच्या अंगठ्याच्या आड आली होती.

आता हाड मोडलं होतं, तेव्हा वेलिंग्टन स्वतः उतरणार हे उघड होतं. शेरिलला मात्र वाटत होतं, की त्यांची माणसं यायच्या आत जिल्ह्याने आपली उजळणी करून ठेवावी. "आपण सगळे एकदा बसू. कोणाला काय आठवतं, ते जुळवून घेऊ."

"जुळवायचं काही नाही, मॅम," नागसेन म्हणाला. "मी त्यांना फोन केलाय."

शेरिलने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, घरातलं माणूस उठून परक्याच्या दारात गेलं की जसं बघतात, तसं. "मला आधी सांगू शकला असतास."

"सांगितलं असतं तर तुम्ही मला थांबवलं असतं. आणि मी थांबलो असतो."

वेलिंग्टनहून हिनेवाई नावाच्या बाई आल्या. पन्नाशीच्या, जाड भिंगाचा चष्मा, गळ्यात हिरव्या दगडाचा कोयरीसारखा तुकडा. ठाण्यात बसायला त्यांनी नकार दिला. लायब्ररीची मागची खोली घेतली. नागसेनने सगळं सांगितलं. बाईंनी मध्ये तोंड घातलं नाही.

"रेकॉर्डर तुमच्या हातात होता," त्या शेवटी म्हणाल्या. "पुन्हा का नाही चालू केलात?"

त्याने बरीच उत्तरं तयार ठेवली होती. मैत्री, व्रण, जबाबाचे नियम. तोंडून निघालं ते वेगळंच. "चालू केला असता तर तो तेच पुन्हा म्हणाला असता. मग मला ऐकलं नाही असं करता आलं नसतं."

हिनेवाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ही तक्रार तुमच्याकडे पाठवू नका, असं त्या बाईंनी आम्हाला लिहिलं होतं. आम्ही पाठवली. तुमचा अहवाल आला, तो आम्ही वाचला, भाषा नीट होती, सही होती. एकाही माणसाने तिला फोन करून विचारलं नाही, की तुम्हाला हे पटलं का. हे मी आमच्या अहवालात लिहिणार आहे. तुमचं ओझं कमी करायला नाही सांगत."

"कमी होतही नाही," नागसेन म्हणाला.

पुढचं सगळं रीतसर झालं. ब्रेटवर गोपनीय माहिती दिल्याचा खटला भरला गेला; त्याने गुन्हा कबूल केला आणि नोकरी सोडली. प्रसाद तुरुंगात गेला. नागसेनचा सार्जंटचा पट्टा उतरला, कॉन्स्टेबल म्हणून त्याची टौरंगाला काउंटरवर बदली झाली. गावात तो दुधासाठी डेअरीत गेला, की गल्ल्यावरचा माणूस पूर्वीसारखं "हाउझ इट गोइंग, सार्ज" म्हणायचा नाही. नुसतं बिल करायचा. ब्रेटची बायको सुपरमार्केटात समोर आली तेव्हा ट्रॉली फिरवून दुसऱ्या रांगेत गेली. तिचं नागसेनला वाईट वाटलं नाही. तिच्या दृष्टीने त्याने मित्राला विकलं होतं. नीलाच्या दृष्टीने त्याने तिला विकलं होतं. दोघींचा हिशेब चुकीचा आहे, असं म्हणायची त्याला सोय नव्हती.

नीलाला एकदा भेटावं, असं त्याच्या मनात सारखं यायचं. ती आता कुठे राहते हे त्याला ठाऊक नव्हतं आणि त्याने शोधलंही नाही. आसरा देणाऱ्या संस्थेमार्फत निरोप ठेवला, की तिची इच्छा असेल तरच. बऱ्याच आठवड्यांनी उत्तर आलं. ऑकलंडच्या हिल्सबरो भागातल्या एका समाजकेंद्रात, संस्थेची बाई हजर असताना, थोडा वेळ.

नीला खिडकीकडे पाठ करून बसली होती. जबडा बरा झाला होता, बोलताना ओठ एका बाजूला किंचित ओढला जायचा. मनगटावर अजून पट्टा होता.

"ताई..." नागसेनने सुरुवात केली.

"इंग्लिश, प्लीज," नीला म्हणाली.

तो थबकला. संस्थेच्या बाईंना कळावं म्हणून ती म्हणत असेल, असं त्याला वाटलं. त्याने इंग्रजीत मान्य केलं, की मला माहीत होतं आणि मी लिहिलं नाही. तुम्ही हलायचं का विचारलंत, तेव्हाही मी बोललो नाही. माफी मागायचा मला हक्क नाही, तरी मागतो.

नीलाने सगळं ऐकून घेतलं. तिची इंग्रजी सावकाश होती, शब्द निवडून बोलत होती.

"मी तुम्हाला एकच सांगायला आले. त्या दिवशी तुम्ही माझ्याशी इंग्रजीत बोलला असतात, तर मी ऐकलं नसतं. वेलिंग्टनवर अडून बसले असते. तुम्ही मराठीत बोललात म्हणून मी दार उघडलं." ती थांबली. "आता कुणी मराठीत गोड बोललं, की मी आधी दाराकडे बघते. फोनवर आईशी बोलतानासुद्धा. हे प्रसादने नाही केलं. हे तुम्ही केलंत."

त्याने विचारलं, "कौमुदी कशी आहे?"

"ते मी तुम्हाला सांगणार नाही," नीला म्हणाली आणि उठली. दाराशी जाऊन वळली. "तुम्ही खरं सांगितलंत, ते मला कळलं. उशिरा सांगितलंत. दोन्ही माझ्या लक्षात राहील."

ती गेल्यावर तो तिथेच बसून राहिला. बाजूच्या हॉलमध्ये म्हाताऱ्या बायका पत्ते खेळत होत्या, मोठ्याने हसत होत्या. संस्थेच्या बाईने त्याला पाण्याचा ग्लास आणून दिला. तिला काय बोलावं ते सुचत नसावं, म्हणून तिने पार्किंगचं विचारलं.

एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीला ऑकलंडमध्ये सगळी मंडळी जमली. दर वर्षी नागसेन कायदा आणि नागरिक या विषयावर दहा मिनिटं बोलायचा. या वर्षी संघमित्रा नावाच्या कार्यकर्तीने पुन्हा त्याचंच नाव लिहिलं होतं. त्याने ते काढायला लावलं.

"अहो, तुम्ही नाही तर कोण बोलणार?" ती म्हणाली. "तुम्ही खरं सांगितलंत, पद गेलं तरी. सगळ्यांना अभिमान आहे तुमचा."

"तसं कुणाला सांगू नका," नागसेन म्हणाला. त्याच्या आवाजाने ती दचकली. तो स्वयंपाकघरात गेला, अस्तन्या वर केल्या आणि चहाचे कप विसळत बसला. बाहेर वंदना झाली, भाषणं झाली. टाळ्या वाजत होत्या. गौतमी एकदा दारात येऊन उभी राहिली, बघून परत गेली. तिने त्याला बाहेर ये म्हटलं नाही, हे त्याला बरं वाटलं.

मग निवेदिता नावाची एक तरुणी कप द्यायचं निमित्त करून आत आली. टौरंगाजवळ राहणारी, नवरा बंदरावर इंजिनिअर. तिने इकडेतिकडे बघितलं.

"काका, एक विचारू? आमच्याकडे एक पोलीस आहे. माझ्या भावाची गाडी सारखी अडवतो. परवा त्याला खाली पाडून गुडघा मानेवर ठेवला. काही सापडलं नाही तरी. तुम्ही त्याच ठाण्यात आहात ना? तुम्ही जरा..."

"मी बघतो," हे शब्द नागसेनच्या जिभेवर आलेच होते. किती सहज आले, ते पाहून त्याने हातातला कप खाली ठेवला.

"मला सांगू नका," तो म्हणाला. "आमच्या ठाण्यात कुणालाच सांगू नका. वेलिंग्टनला तक्रार करा. मी नंबर देतो. चौकशी इथल्या लोकांकडे देऊ नका असं लिहा. तरी त्यांनी पाठवलीच, तर पुन्हा लिहा. कुणी घरी येऊन आपल्या भाषेत समजूत घालू लागलं, तर त्याचं ऐकू नका."

निवेदिताचा चेहरा उतरला. "तुम्ही आपले म्हणून विचारलं मी."

"म्हणूनच सांगतोय."

तिला ते टोलवाटोलवीसारखं वाटलं असावं. नंबर तिने फोनमध्ये टिपून घेतला, पण "थँक यू" म्हणताना त्याच्याकडे पाहिलं नाही. बाहेर जाऊन ती आपल्या नवऱ्याला काहीतरी सांगत होती, आणि तो मान हलवत होता. ती तक्रार करील की नाही, केली तर वेलिंग्टन ती स्वतः बघेल की पुन्हा त्याच ठाण्याकडे पाठवील, हे नागसेनला सांगता आलं नसतं. त्याने नळ सोडला आणि उरलेले कप विसळायला घेतले.